दहा मिनिटांच्या लढतीला किंमत द्या : सबमिशन ग्रॅपलिंगच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
व्यावसायिक सबमिशन ग्रॅपलिंग स्पर्धा भरवणारे सर्व आयोजक

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एका आयोजकाने पुढच्या हंगामाचे नियमपत्रक नुकतेच खेळाडूंना पाठवले. १६ जणांचे ब्रॅकेट (बाद फेऱ्यांची रचना), १० मिनिटांची लढत, गुण नाहीत, पंचांचा कौल नाही. गळा किंवा सांधा आवळणाऱ्या पकडीत (सबमिशन) सापडून १० मिनिटांत कोणीच टॅप केला नाही, म्हणजे हात थोपटून हार मानली नाही, तर ओव्हरटाइम, म्हणजे ठरावीक स्थितीतून आळीपाळीने आक्रमण करण्याच्या जादा फेऱ्या. इथपर्यंत सगळे ओळखीचे आहे. बदल शेवटच्या पानावर आहे. नियमित वेळेत सबमिशन घेणाऱ्याला मिळणारी जादा रक्कम काढून टाकली आहे. आता तिसऱ्या मिनिटाला हील हुकवर (टाच धरून गुडघा पिळणाऱ्या पकडीवर) लढत संपवा किंवा १० मिनिटे अंग चोरून ओव्हरटाइममध्ये काही सेकंदांच्या फरकाने जिंका, हातात पडणारे पैसे तेवढेच. त्या आयोजकाचे नाव मी घेत नाही. याच वाटेने आणखी काही जण निघाले आहेत आणि मला एका माणसाशी भांडायचे नाही. पण हे मुकाट्याने स्वीकारणेही जमत नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहितो आहे.

मी प्रशिक्षक आहे. माझे विद्यार्थी तुमच्या स्पर्धांत उतरतात आणि त्यांच्या कोपऱ्यात मी बसतो. नियम तुम्ही लिहिता, पण त्यांचा अर्थ रोजच्या सरावात मला लावावा लागतो. नियमपत्रक हाती आल्यापासून मी काय शिकवतो आहे, ते सांगतो. गार्ड पास करण्याचा, म्हणजे खाली असलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या पायांचा अडसर ओलांडण्याचा, सराव कमी केला. टेकडाउन, म्हणजे उभ्याने खाली पाडणे, जवळजवळ थांबवले. सरावाचा मोठा भाग आता एकाच गोष्टीत जातो : जोडीदाराने पाठीवर बसायचे, सीटबेल्ट लावायचा (एक हात खांद्यावरून, दुसरा काखेतून), दोन्ही हुक, म्हणजे पाय, त्याच्या मांड्यांच्या आत घालायचे, आणि शिट्टी वाजली की खालच्याने निसटायचे. मग अदलाबदल. मग पुन्हा तेच. विद्यार्थी विचारतात, नियमित वेळेत आक्रमण करू का? तुमच्या कागदाप्रमाणे प्रामाणिक उत्तर असे आहे : ओव्हरटाइममध्ये तू समोरच्यापेक्षा सरस असशील तर करू नकोस, धोका कशाला घ्यायचा? हे उत्तर द्यायला मला लाज वाटते.

हा ओव्हरटाइम कशातून आला, हे तुम्हाला माहीत आहेच. वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. २०१२ मध्ये रालेक ग्रेसीने मेटामोरिस सुरू केले. २० मिनिटांची लढत, गुण नाहीत, सबमिशन नाही तर बरोबरी. पहिल्याच कार्यक्रमात रॉजर ग्रेसी आणि बुशेशा हे जिउ-जित्सूचे दोन जगज्जेते २० मिनिटे झुंजले आणि लढत बरोबरीत सुटली. ती लढत आजही आवडीने पाहिली जाते. पण एकाच रात्री अनेक लढती बरोबरीत सुटू लागल्या की प्रेक्षक कंटाळतात, आणि बाद पद्धतीच्या स्पर्धेत तर बरोबरी चालतच नाही. पुढच्या फेरीत कोणाला तरी पाठवावेच लागते. २०१४ मध्ये एडी ब्राव्होने एडी ब्राव्हो इन्व्हिटेशनल, म्हणजे ईबीआय, सुरू केले तेव्हा हा पेच सोडवण्यासाठी हा ओव्हरटाइम आणला. आक्रमकाने दोनपैकी एक स्थिती निवडायची : पाठीवर सीटबेल्ट आणि हुक, किंवा स्पायडरवेब, म्हणजे आर्मबारची (कोपर ताणणाऱ्या पकडीची) तयार स्थिती. दोघांना आळीपाळीने संधी. एकाने सबमिशन घेतले आणि दुसऱ्याला घेता आले नाही, तर निकाल तिथेच. तीन फेऱ्यांनंतरही दोघे निसटत राहिले तर कोण कमी वेळात निसटला, याची बेरीज करायची. पुढे यूएफसी फाइट पास इन्व्हिटेशनलसारख्या स्पर्धांनीही हीच पद्धत घेतली.

पण ब्राव्होने त्याबरोबर आणखी एक गोष्ट केली होती आणि माझ्या पत्राचा सारा भर तिच्यावर आहे. ईबीआयमध्ये पूर्ण बक्षीस त्यालाच मिळे, जो सगळ्या लढती नियमित वेळेत सबमिशनने जिंकेल. लढत ओव्हरटाइममध्ये गेली की जिंकूनही खिशाला चाट बसे. म्हणजे ओव्हरटाइम हा आडमार्ग होता आणि त्या मार्गाने जाणाऱ्याला किंमत मोजावी लागत होती. ओव्हरटाइम आणि बक्षिसाची रचना हे एकाच नियमाचे दोन भाग होते. तुम्ही त्यातला एक ठेवला आणि दुसरा टाकून दिला.

त्या दुसऱ्या भागाने काय घडवले ते आठवा. १० मिनिटांत संपवायचे तर समोरच्याचा गार्ड ओलांडून, बाजूने वर येऊन, पाठ मिळवून चोक लावेपर्यंत वेळ पुरेलच असे नाही. पाय मात्र पहिल्या मिनिटापासून समोर असतो. न्यूयॉर्कमध्ये जॉन डॅनाहरच्या हाताखाली तयार झालेले एडी कमिंग्ज, गॅरी टोनन, गॉर्डन रायन हे ईबीआयच्या मॅटवर पायांच्या पकडी घेऊन आले आणि बघता बघता साऱ्या खेळाचे वळण बदलले. तोवर हील हुकला धोकादायक आणि काहीसा कमअस्सल डाव समजणारे प्रशिक्षक पुष्कळ होते. पुढच्या काही वर्षांत तो शिकल्याशिवाय नो-गीमध्ये (गी हा जाड पोशाख न घालता होणाऱ्या लढतींत) उभे राहणे अवघड झाले, आणि २०२१ पासून आयबीजेजेएफ या ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या महासंघानेही प्रौढ ब्राउन आणि ब्लॅक बेल्टच्या नो-गी लढतींत हील हुकला परवानगी दिली. यात शिकवणाऱ्याची बुद्धी आणि शिकणाऱ्यांची मेहनत आहेच. पण लवकर संपवणाऱ्याला जास्त पैसे देणारा एक नियम नसता, तर ती मेहनत इतक्या वेगाने लोकांसमोर आली असती असे मला वाटत नाही. बक्षीस कशाला मिळते, त्यावर खेळाडू काय शिकतात हे ठरते. आज तुम्ही वाट पाहण्याला बक्षीस देता आहात.

आता ओव्हरटाइमविषयी. तो पूर्णपणे वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. त्याच्यामुळे पाठीवरून निसटण्याची कला कितीतरी पुढे गेली, हे मी मानतो, आणि ओव्हरटाइममध्ये चोक लागताना सभागृह उभे राहते हेही खरे. पण त्यात एक अन्याय मुळातच आहे. प्रतिस्पर्ध्याची पाठ घेणे ही आमच्या खेळातली सर्वांत कष्टाने मिळणारी गोष्ट आहे. त्यासाठी हातांची लढाई जिंकावी लागते, त्याला वळायला भाग पाडावे लागते, एक हुक, मग दुसरा. ती जागा तुम्ही ओव्हरटाइममध्ये दोघांनाही फुकट देता. ज्याने १० मिनिटांत ती कमावली त्यालाही, आणि ज्याला ती एकदाही मिळाली नाही त्यालाही. पहिल्या १० मिनिटांत काय झाले याचा निकालाशी कणभरही संबंध उरत नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत हेच झाले. कोणती स्पर्धा, ते महत्त्वाचे नाही. त्याने लढतीच्या उत्तरार्धात प्रतिस्पर्ध्याची पाठ घेतली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. समोरचा दोन्ही हातांनी मनगट धरून, हनुवटी छातीला लावून थांबला. तसे थांबण्यात त्याची काही चूक नव्हती, नियमाने त्याला तेच करायला शिकवले होते. वेळ संपली. दोघे उठले, नाणे उडाले, आणि जी जागा माझ्या मुलाने झगडून मिळवली होती तीच त्या दुसऱ्याला बसून मिळाली. तीन फेऱ्या दोघेही निसटले. काही सेकंदांनी माझा मुलगा हरला. हरण्याचे दुःख मला नाही, हरणे या खेळात रोजचे आहे. पण परतीच्या वाटेवर तो विचारत होता, पहिल्या १० मिनिटांत मी वेगळे काय करायला हवे होते? मला सांगता येईना, कारण त्या १० मिनिटांत त्याने काहीही केले असते तरी टॅप सोडून दुसरे काही मोजलेच जाणार नव्हते.

आणि हा ओव्हरटाइम तरी सबमिशनसाठी लढला जातो का? तिसऱ्या फेरीत शेवटी आक्रमण करणाऱ्याला समोरच्याचा आकडा ठाऊक असतो. आपण किती सेकंद धरून ठेवले की जिंकलो, हे त्याला कळते. मग तो गळ्याकडे हात नेतच नाही. गळ्याकडे हात नेला की पकड सैल होते, समोरच्याला फिरायला जागा मिळते. त्यापेक्षा कमरेभोवती पायांचा त्रिकोण आवळून घड्याळ संपवणे सोपे. सबमिशनच्या नावावर तिकीट काढून आलेला प्रेक्षक शेवटी एका माणसाने दुसऱ्याला धरून ठेवलेले पाहतो. नाणेफेकीने कोण दुसरा येणार हे ठरते, आणि दुसरा येण्याचा फायदा किती मोठा आहे हे कोपऱ्यात बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

दुसरे मार्ग नाहीत असे कोणी म्हणू नये. एडीसीसी या नो-गी ग्रॅपलिंगच्या जागतिक स्पर्धेत पहिल्या टप्प्यात गुण नसतात आणि नंतरच्या टप्प्यात असतात, त्यामुळे आधी मोकळेपणाने सबमिशनच्या मागे लागता येते आणि नंतर स्थिती मिळवल्याचे मोलही राहते. वन चॅम्पियनशिपच्या १० मिनिटांच्या लढतीत सबमिशन झाले नाही तर पंच 'कॅच' मोजतात, म्हणजे समोरच्याला खरोखर संकटात टाकणारी पकड. आणि वेळ काढणाऱ्याला पिवळे कार्ड मिळते. काझुशी साकुराबाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या क्विंटेटमध्ये पाच-पाच जणांचे संघ असतात; जिंकणारा मॅटवर राहतो आणि बरोबरी झाली तर दोघेही बाद. ग्रॅपलर क्रेग जोन्सने स्वतः भरवलेल्या २०२४ च्या स्पर्धेत मॅटच्या कडांना उतरत्या भिंती लावल्या, म्हणजे कडेला सरकून बाहेर पळण्याची सोयच राहिली नाही. यातली कोणतीही पद्धत निर्दोष नाही. पंचांचा कौल आला की वाद येतात, गुण आले की गुण राखून बसणारे येतात. पण या प्रत्येक पद्धतीत लढतीत जे घडले त्याचा निकालावर परिणाम होतो. मला एवढेच हवे आहे.

पैशाबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण जादा रक्कम काढताना 'खर्च परवडत नाही' असे कारण दिले गेले. ब्रॅकेटमधला खेळाडू प्रवास, सराव, वजन उतरवणे, फिजिओ हे सगळे पदरमोड करून येतो. पहिल्याच फेरीत हरला तर अनेक ठिकाणी त्याला काहीच मिळत नाही. काही ठिकाणी तर मानधनाऐवजी तिकिटांचा गठ्ठा देतात आणि विकतील तेवढे तुमचे म्हणतात. एडीसीसीत वजनगट जिंकणाऱ्या पुरुषाचे बक्षीस १०,००० डॉलर होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, एडीसीसीच्याच आठवड्याअखेरीस, त्याच लास वेगासमध्ये क्रेग जोन्स इन्व्हिटेशनल भरले आणि तिथे नुसते उतरल्याबद्दल प्रत्येक खेळाडूला १०,००१ डॉलर दिले गेले. तो वरचा एक डॉलर मुद्दाम ठेवलेला होता. दोन गटांच्या विजेत्यांना, केड रुओटोलो आणि निक रॉड्रिग्ज यांना, प्रत्येकी १० लाख डॉलर. प्रक्षेपण यूट्यूबवर मोफत. एवढे पैसे सगळ्यांकडे नसतात, हे मला समजते. ती रक्कम मी तुमच्याकडे मागत नाही. पण ज्याच्या अंगावर कार्यक्रम उभा राहतो त्याला आधी द्यायचे आणि मग रोषणाईचा हिशेब करायचा, हा क्रम लहान आयोजकालाही पाळता येतो.

महिलांच्या बाबतीत तर कारणेही दिली जात नाहीत. २०२२ च्या एडीसीसीतही वजनगट जिंकणाऱ्या महिलेला ६,००० डॉलर, पुरुषाला १०,०००. तेव्हा महिलांचे वजनगट दोनच होते. ६० किलोच्या वरची प्रत्येक स्त्री एकाच गटात. २०२४ मध्ये तीन गट झाले आणि खुला गटही आला. मग काय झाले? ५५ किलोखालचा गट जिंकणाऱ्या अॅडेल फोर्नारिनोने खुला गटही जिंकला. सर्वांत हलक्या गटातली मुलगी सर्व वजनांच्या मुलींत पहिली आली, आणि जागा दिली नसती तर हे कोणाला दिसलेच नसते. ज्या क्रेग जोन्सच्या स्पर्धेचे मी वर कौतुक केले, तिथेही २०२४ मध्ये महिलांचे ब्रॅकेट नव्हते, फक्त एक सुपरफाइट (ब्रॅकेटबाहेरची सुटी लढत) होती. तुमच्या नव्या पत्रकातही एकच महिला लढत आहे. माझ्याकडे सराव करणाऱ्या मुली दर हंगामात विचारतात, ब्रॅकेट कधी? त्यांना उत्तर तुम्ही द्या.

हील हुकची सुरक्षितता. हा डाव गुडघा पिळतो, आणि वेदना नीट जाणवेपर्यंत अस्थिबंध तुटलेला असू शकतो. म्हणूनच रेफरीला पकड कुठे पूर्ण झाली हे ओळखता आले पाहिजे आणि तोंडून निघालेली किंकाळी टॅप मानली गेली पाहिजे. मी अशा लढती पाहिल्या आहेत जिथे रेफरी चुकीच्या बाजूला उभा होता आणि त्याला टाच दिसतच नव्हती. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध गेला तर शस्त्रक्रिया आणि पुनर्वसन धरून बहुधा ९ महिने ते वर्षभर खेळाडू घरी बसतो. त्या काळात आयोजकाचा साधा फोनही येत नाही, असा अनुभव बऱ्याच जणांचा आहे. नियमित वेळेत सबमिशन घ्या असा आग्रह मी धरतो आहे, तर त्यातून होणाऱ्या दुखापतींची जबाबदारी घ्या असे म्हणणेही माझे कर्तव्य आहे.

उत्तेजकांविषयी एकच. आयबीजेजेएफच्या जागतिक स्पर्धेत यूएसएडीए या अमेरिकी उत्तेजकविरोधी संस्थेच्या चाचण्या झाल्या आहेत; व्यावसायिक नो-गीच्या बहुतेक मंचांवर चाचणीच नसते. तुम्ही चाचणी घेणार नसाल तर तसे जाहीर लिहा. मुलगा किंवा मुलगी कोणत्या मैदानात उतरते आहे, हे पालकांना आणि प्रशिक्षकाला आधी कळायला हवे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

नियमित वेळेतल्या सबमिशनची जादा रक्कम परत आणा. पैसे मर्यादित असतील तर एकूण निधी तेवढाच ठेवा, पण त्यातला मोठा वाटा नियमित वेळेत संपवणाऱ्यांना द्या आणि ओव्हरटाइमच्या विजयाला कमी द्या. ओव्हरटाइममुळे वाचलेली रक्कम आयोजकाकडे न जाता त्याच रात्रीच्या इतर सबमिशनमध्ये वाटली जावी.

ओव्हरटाइम ठेवायचाच असेल तर नाणेफेक बंद करा. १० मिनिटे संपल्यावर तीन पंचांनी एवढेच सांगावे, आक्रमण कोणी अधिक केले. आधी की नंतर, हे निवडण्याचा हक्क त्याला द्या. तीन फेऱ्यांनंतरही निकाल लागला नाही तर सेकंदांची बेरीज न करता नियमित वेळेतल्या खऱ्या सबमिशन प्रयत्नांवर निकाल द्या.

नियमपत्रक कराराबरोबरच लेखी द्या आणि सही झाल्यावर त्यात एक ओळही बदलू नका. वजनाच्या दिवशी सभागृहात तोंडी सांगितलेले बदल माझ्या विद्यार्थ्यांनी याआधी सोसले आहेत, यापुढे आम्ही ते मान्य करणार नाही.

ब्रॅकेटमधल्या प्रत्येकाला उतरण्याचे निश्चित मानधन द्या आणि तिकीटविक्रीची अट काढा. मॅटच्या कडेला डॉक्टर, पायांच्या पकडी स्वतः जाणणारा रेफरी आणि लढतीत झालेल्या दुखापतीचा विमा, या तीन गोष्टी नसतील तर हील हुकला परवानगी देऊ नका.

पुढच्या हंगामात महिलांचे किमान एक पूर्ण ब्रॅकेट ठेवा. नियम तेच, बक्षीस तेच.

यातली पहिली मागणी मान्य करायला तुम्हाला नवा पैसा लागत नाही. एक परिच्छेद पुन्हा लिहावा लागतो. ब्रॅकेटची नावे जाहीर होण्याआधी तो लिहा आणि तुमचे उत्तर मला खासगीत न पाठवता जाहीर करा, कारण ते इतर प्रशिक्षकांनाही वाचायचे आहे. माझ्याकडच्या खेळाडूंच्या सह्या त्या उत्तरानंतरच होतील. हे त्यांनी स्वतः, आपापसांत बोलून ठरवले आहे आणि मी त्यांच्याबरोबर आहे.

आपला,
कोपऱ्यात बसणारा एक प्रशिक्षक